पितळी पाटीमागचं रडार

मामांचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या ऑफिसात बसून एका म्हशीचं नाव बदलत होतो. म्हैस संगणकाच्या पडद्यावर होती. कुठल्याशा रस्त्यानं जाताना गाडीच्या कॅमेऱ्यानं तिला टिपलं होतं, आणि आमच्या सॉफ्टवेअरनं तिच्याभोवती पिवळी चौकट काढून वर 'मोटारसायकल' असं लिहिलं होतं. ते खोडून 'जनावर' लिहायचं, हे माझं काम. स्वतः चालणाऱ्या, निदान स्वतः थांबणाऱ्या गाड्यांना रस्त्यावर काय काय भेटतं ते शिकवायचा मला पगार मिळतो. गावात याचा अर्थ 'पोरगं पुण्यात ड्रायव्हर हाय' असा लावतात. आईनं तो गैरसमज दूर करायचा नाद आता सोडला आहे.

"भाचे, गाडी माझं ऐकत न्हाई," मामा म्हणाले.

"काय करते?"

"मानूस दिसला की थांबती. मला इचारत न्हाई, सांगत न्हाई. आन कधी कधी मानूस नसला तरी थांबती."

"माणूस दिसल्यावर थांबते ते चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? हितं मानसंच बाजूला हुत्यात. आजवर तीच रीत हाय."

मामा म्हणजे बीड जिल्ह्यातल्या कड्याजवळच्या आमच्या गावातले मोठे बागायतदार आणि पंचायत समितीचे माजी सभापती. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी दसऱ्याला नवी, उंच, काळी गाडी घेतली होती. समोर काही आलं तर स्वतः ब्रेक मारणारी, रस्त्यावरचे पट्टे ओळखून स्वतः स्टिअरिंग सांभाळणारी. असं काही गाडीत आहे हे त्यांना घेताना माहीत नव्हतं. त्यांनी रंग आणि उंची बघून घेतली होती. आता या गाडीत बसून गावोगाव फिरायचं आणि जिल्हा परिषदेची निवडणूक लढवायची, असा बेत होता. मी सुटी टाकून कड्याच्या एसटीत बसलो.

वाड्यावस्त्यांचे रस्ते सोयाबीननं भरलेले होते. अर्ध्या डांबरावर शेंगा पसरलेल्या आणि वाहनांनी त्यावर येऊ नये म्हणून कडेनं ओळीत दगड मांडलेले. फाट्यावर मामा स्वतः घ्यायला आले होते. ड्रायव्हर ठेवला होता, पण नवी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव होत नव्हता. थोडं पुढं गेल्यावर गाडीचं स्टिअरिंग आपोआप डावीकडं वळायला लागलं. मामा ते उजवीकडं ओढायला लागले. दोघांची झटापट बघून मी समोरच्या पडद्यावर पाहिलं. गाडीनं दगडांची ओळ हा रस्त्याचा पांढरा पट्टा धरला होता आणि ती इमानेइतबारे त्याला चिकटून जायचा प्रयत्न करत होती. खरा पट्टा त्या रस्त्यावर कधी मारलाच नव्हता.

"आशीच करती," मामा म्हणाले. "धारूरच्या घाटात तर खड्डा बुजवलेल्या डांबराच्या मागं लागली. मी म्हनलं, बाई, मला किल्ल्यावर न्हाई, लग्नाला जायाचंय."

मी ते पट्टे ओळखायचं बटण बंद करून दिलं. मामांना एवढ्यावरच माझ्या शिक्षणाचं चीज झाल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर मी गाडी नीट बघितली. पूजेच्या वेळी काचेवर वरच्या बाजूला, आरशाच्या बरोबर पुढं, ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. कॅमेरा नेमका त्याच्या मागं होता. पुढच्या जाळीवर, मधोमध, पितळेची पाटी बसवली होती, हातभर लांब. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'सभापती' लिहिलेलं आणि त्याच्या डोक्यावर 'माजी' हा शब्द इतका बारीक, की तो वाचायला गाडीपुढं वाकावं लागे. वाकलेला माणूस दिसला की आतून मामा हात जोडून नमस्कार घेत. पाटीखाली लिंबूमिरची आणि पाटीवर कालच्या सत्काराचा सुकलेला हार.

गाडीच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना येत होती, पुढचा सेन्सर झाकला गेला आहे म्हणून. मामांनी ती एका कार्यकर्त्याकडून वाचून घेतली होती. त्यानं सांगितलं होतं, "आबा, सेन्सॉर लिवलंय. आचारसंहितेचं काहीतरी दिसतंय." तेव्हापासून मामा गाडीत बसून राजकारणावर बोलायचे नाहीत.

मी सगळं समजावून सांगितलं. मामी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही ऐकत उभ्या राहिल्या. गाडीला दोन प्रकारे दिसतं. काचेमागचा कॅमेरा बघतो आणि हे माणूस, हे झाड, हे वाहन असं ओळखतो. पण समोरची वस्तू किती लांब आहे, ती खरी आहे की नुसतं चित्र आहे, हे त्याला नेमकं कळत नाही. ते काम जाळीमागच्या रडारचं. रडार लहरी सोडतं, त्या वस्तूला आपटून परत येतात, त्यावरून अंतर कळतं. धूळ असो, धुकं असो, त्याला फरक पडत नाही. दोघांनी मिळून सांगितलं तर गाडी बरोबर निर्णय घेते. तिसरंही एक यंत्र असतं, लेझरनं सगळीकडचं अंतर मोजणारं, पण ते या गाडीत नाही.

"आन आपल्या गाडीचं काय बिघडलंय?"

"कॅमेऱ्यावर स्वस्तिक आहे. आणि रडार तुमच्या पाटीमागं आहे. लहरी पाटीला आपटून परत येतात. म्हणजे गाडीला समोर कायम सभापतीच दिसतात."

मामींनी पदर तोंडाला लावला. स्वस्तिक त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसलं आणि बॉनेटवर नवीन काढलं. देवाची गोष्ट अशी सहज मिटली. पाटीची मिटेना.

"पाटी जरा खाली घेता येईल," मी म्हणालो.

"खाली?" मामा म्हणाले. "पाटी खाली आली आसं गावात झालं तर? भाचे, तू शिकलेला हायेस, पन तुला राजकारन कळत न्हाई."

"मग रडार काम करणार नाही. गाडी नुसत्या कॅमेऱ्यावर चालेल."

"चालंल का न्हाई?"

"चालेल. पण चुकेल."

"चुकू दे. कोन चुकत न्हाई?"

मला याचं नवल वाटलं नाही, कारण हेच संभाषण मी पुण्यात ऐकून आलो होतो. आमच्या ऑफिसात वर्षभर याच गोष्टीवरून दोन तट पडले होते. आमचे साहेब म्हणायचे, माणूस दोन डोळ्यांनीच गाडी चालवतो, मग गाडीला रडार कशाला, कॅमेरा पुरे. त्यांनी ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहूनही दाखवलं होतं. माणसाला डोळ्यांबरोबर मान असते, कान असतात, शेजारी बायको असते, हे तिथं कुणी बोललं नाही. तिथं खर्चामुळं रडार नको होतं, इथं इज्जतीमुळं. एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी मामांना गाडीची करामत कार्यकर्त्यांना दाखवायची लहर आली. शाळेमागच्या मैदानात तीसेक माणसं जमली. मामांनी एका जुन्या कार्यकर्त्याला बोलावलं. हा गृहस्थ गेली कित्येक वर्षं प्रत्येक भाषणात 'आबांसाठी जीव देईन' असं सांगत आला होता.

"तू हुबा ऱ्हा मधी. मी गाडी आनतो. ती तुझ्यापुढं आपूआप थांबती का न्हाई बघ."

त्या गृहस्थानं गाडीकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, मग घड्याळाकडं बघितलं. "आबा, शेतात लाइट आली आसंल. मोटार चालू करून आलोच," म्हणाला आणि गेला. बाकीच्यांच्या शेतातही त्याच वेळी लाइट आल्याचं दिसलं, कारण मैदान बरंच मोकळं झालं.

मीही मामांना अडवलं. खरा माणूस उभा करायचा नाही, गाडीचं रडार झाकलेलं आहे, असं ठाम सांगितलं. शेवटी कुणीतरी ज्वारीच्या रानातलं बुजगावणं उपटून आणलं. एका काठीवर पांढरा सदरा, वर मडकं, मडक्यावर टोपी. मामा गाडीत बसले, मी शेजारी. मामांनी वेग धरला आणि ब्रेकवरचा पाय उचलून मला दाखवला. गाडी सरळ बुजगावण्यावर गेली. मडकं फुटल्याचा आवाज आला, सदरा चाकात अडकला आणि काठी लांब उडाली.

कारण साधं होतं. अशी सॉफ्टवेअरं माणसाला ओळखायला शिकतात ती हजारो चालत्या माणसांची चित्रं बघून. बुजगावण्याला पाय नव्हते. कॅमेऱ्याला ते माणूस वाटलं नाही, आणि काहीतरी आडवं आहे एवढं तरी सांगणारं रडार पाटीमागं बसलं होतं. मी हे खाली उतरून समजावत होतो, पण कुणाचं लक्ष नव्हतं. सदरा-टोपीवरून ते बुजगावणं विरोधी उमेदवारासारखं दिसत होतं म्हणे. संध्याकाळपर्यंत गावात झालं, की आबांच्या गाडीनं विरोधकाला माणसातच धरलं न्हाई. मामांनी ही बातमी खोडली नाही.

त्याच आठवड्यात मामांचा वाढदिवस होता. फाट्यापासून गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फलक लागले. त्यातले काही नुसते फलक नव्हते. प्लायवूड कापून केलेले मामांचे पूर्ण उंचीचे पुतळे होते, हात जोडलेले, पांढरे कपडे, पायात चप्पल. पाय अगदी स्पष्ट. एक पुतळा तर ओढ्याजवळच्या वळणावर, डांबराला खेटूनच उभा केला होता, म्हणजे वळताना प्रत्येकाला आबा समोर यावेत.

मिरवणूक फाट्यावरून निघाली. पुढं मामांची गाडी. मामा चालवत होते, मी शेजारी, मागं मामी. आमच्या मागं कार्यकर्त्यांची जीप, तिच्यामागं आणखी गाड्या. मामांच्या डोक्याला फेटा होता. मी निघताना त्यांना म्हणालो होतो, की ते आपोआप ब्रेक मारणंही आज बंद ठेवू. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लोकं हार घालायला मधी येत्यात, कुनाला लागायला नको." ही त्यांची माया खरी होती.

पहिल्या फलकापाशी गाडीनं नुसती शिट्टी वाजवली. दुसऱ्यापाशीही वाजवली. ओढ्याच्या वळणावर मामा जरा वेगात होते. वळताना काचेत समोर हात जोडलेले मामा आले आणि गाडीनं करकचून ब्रेक मारला. सीटचा पट्टा लावला होता म्हणून मी वाचलो. मामांचा फेटा पुढं येऊन डोळ्यांवर उतरला. मागून जीप आमच्यावर आदळली, जीपवर तिच्यामागची गाडी. काच फुटल्याचा आवाज झाला आणि मग जीपच्या टपावरच्या लाउडस्पीकरवरून वाढदिवसाचं गाणं एकटंच चालू राहिलं.

मी आधी मागं वळून मामींना बघितलं. त्यांचा हात आपटला होता, पण त्या शुद्धीवर होत्या आणि रागावलेल्या होत्या. जीपमधल्या एकाचं नाक फुटलं होतं, दोघांना मुका मार लागला होता. जास्त काही झालं नाही. ऑफिसात अशा गोष्टीला आम्ही 'खोटा इशारा' म्हणतो आणि त्याची टक्केवारी काढतो. टक्केवारीत नाकातून रक्त येत नाही.

मामांनी फेटा वर केला. समोर बघितलं. समोर ते स्वतः हात जोडून हसत उभे होते.

"ह्याला बघून थांबली?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"रडार उघडं आसतं तर?"

"तर त्यानं सांगितलं असतं, की हे पातळ लाकूड आहे, रस्त्याच्या कडेला आहे, जाऊ द्या."

तोवर जीपमधली मंडळी खाली उतरली होती. नाकाला रुमाल लावलेला म्हणाला, "आबा, गाडी तुमच्या पाया पडायला थांबली." तो टोमणा होता की भक्ती, हे आजवर मला कळलेलं नाही.

संध्याकाळी ओसरीत बैठक बसली. एकजण म्हणाला, विरोधकांनी पुण्याहून कॉम्प्युटरवाला आणून गाडी हातात घेतली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, पुण्याहून आलेला कॉम्प्युटरवाला मीच आहे. दुसरा म्हणाला, कॅमेऱ्यावरही काळी पट्टी लावा, म्हंजे कटकट मिटली. तिसऱ्यानं सुचवलं, पुतळ्यांचे पाय कापा. यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. आबांचे पाय कापले तर संदेश काय जाईल, असा मुद्दा निघाला आणि ठराव बारगळला.

मामी हाताला हळद लावून दाराशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाटी काढा ना. कावून काढत न्हाईत?"

"तुला काय कळतंय त्यातलं," मामा म्हणाले.

मी पुण्याला परतलो तोवर पाटी जागेवरच होती. आपोआप ब्रेक मारायचं बटण मात्र मामांनी माझ्याकडून कायमचं बंद करून घेतलं. गाडी परत पूर्वीच्या गाड्यांसारखी झाली. माणसं बाजूला व्हायला लागली.

मग आरक्षणाची सोडत निघाली आणि मामांचा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव झाला. मामा एक दिवस जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीत जाहीर केलं, की जनतेच्या आग्रहाखातर तुमच्या वहिनी उभ्या राहतील. जनतेनं आग्रह करायच्या आधी मामींना कुणी विचारलं नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंत सगळ्यांच्या वहिनी असलेल्या मामी रातोरात ताई झाल्या.

मामींनी नाही म्हटलं नाही. त्या धनगराच्या घरातल्या. लग्नाआधी वडिलांच्या मेंढरांमागं नगरपर्यंत चालत गेलेल्या. लग्नानंतर मात्र फाट्यापर्यंत जायचं तरी कुणीतरी सोडायला लागायचं. त्यांनी मामांपुढं दोनच गोष्टी ठेवल्या. एक, गाडी मी शिकणार. दुसरी, गाडीवर नावाची पाटी असणार नाही, तुमचीही नाही आन माझीबी नाही.

"उमेदवाराची गाडी वळखायची कशी लोकांनी?" मामांनी विचारलं.

"खिडकीतनं मी दिसंन की."

पाटी निघाली. जाळीवर चार भोकं राहिली. मामींनी मला फोन करून गाडीची सगळी बटणं परत चालू करून घेतली, पट्ट्यांचं सोडून. मग शाळेमागच्या मैदानात त्या गाडी शिकल्या. सुरुवातीला त्या इतक्या हळू चालवत, की कुत्री मागं लागून कंटाळून बसत. पन्नाशीला आलेली बाई गाडी शिकते याची गावात चेष्टा झाली. त्या प्रचाराला निघाल्यावर चेष्टा थांबली.

त्या थंडीत मी पुन्हा गेलो. उसाचा हंगाम जोरात होता. मला फाट्यावर घ्यायला मामी एकट्याच आल्या आणि जाताना कड्याला एका बैठकीलाही मला घेऊन गेल्या. परत येताना दिवस मावळत होता. रस्त्यावर धूर-धुळीचा पडदा. कॅमेरा पुसलेला, रडार उघडं, पडद्यावर एकही सूचना नाही. मी मनातून खूश होतो. ऑफिसात ज्याचं चित्र दाखवतात तशी गाडी आज पहिल्यांदाच खऱ्या रस्त्यावर होती.

एका चढावर मामींनी अचानक ब्रेक दाबला. मला आधी कारणच कळलं नाही. समोर मला कडेचं झुडूप वाटत होतं. मग ते झुडूप रस्त्याच्या मधोमध आहे हे लक्षात आलं. उसानं भरलेली ट्रॉली होती. मागं दिवा नाही, लाल कागद नाही, नुसती वाढी, उसाच्या शेंड्यांची हिरवी पानं, खालपर्यंत लोंबलेली. आमची गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. थांबल्यावर पडद्यानं शिट्टी वाजवली आणि समोर वाहन असल्याचं कळवलं.

"आता सांगती व्हय," मामी म्हणाल्या. "मला भ्याव वाटतंय म्हनून मी दमानं चालवीत होते रं. न्हाईतर..."

काय झालं असावं ते मला ठाऊक होतं. वाढी लोंबलेली ट्रॉली कॅमेऱ्यानं कधी पाहिलेली नाही, त्याला ती झाडी वाटली. रडारला ती दिसली असणार, पण उभी राहिलेली वस्तू असली, की पुष्कळदा सॉफ्टवेअर ती मनावर घेत नाही. घेतली तर प्रत्येक पुलाला आणि खांबाला गाडी थांबेल. म्हणून मग कुठंतरी असं ठरवलेलं असतं, की उभ्या गोष्टींकडं जरा काणाडोळा करायचा. आमच्या ऑफिसातही असं ठरताना मी खोलीत होतो. चहा फार चांगला होता त्या दिवशी.

ट्रॉलीच्या बाजूनं एक बाई पुढं आली. हातात झाडाची फांदी होती, ती मागं रस्त्यावर टाकायला निघाली होती.

"गाडी बाजूला घ्या बाई, चाकाचा आस तुटलाय," ती म्हणाली. "मालक ट्रॅक्टर सोडवून घिऊन मिस्त्री आनायला गेलेत. आमी दोघंच हावोत."

ती आणि तिचा नवरा शिरूर कासारकडचे ऊसतोडे. ट्रॉलीवरच बसून निघाले होते. मागून येणाऱ्या वाहनांना दिसावं म्हणून फांद्या आणि दगड टाकण्यापलीकडं त्यांच्यापाशी काही नव्हतं.

मामींनी गाडी मागं घेतली, ट्रॉलीच्या बरंच मागं, रस्त्याच्या कडेला उभी केली आणि चारही दिवे लुकलुकते ठेवले. मला मोबाइलचा दिवा घेऊन आणखी मागं, वळणाआधी उभं राहायला सांगितलं. स्वतः त्या बाईबरोबर फांद्या टाकायला गेल्या. येणारी वाहनं माझा दिवा बघून हळू होत होती. पुण्यात मी इतकी वर्षं गाड्यांना थांबायला शिकवत होतो. थांबलेल्या गाड्या मी त्या दिवशी प्रथम बघितल्या. मध्ये एकदा वळून बघितलं तर दोघी ट्रॉलीला टेकून बोलत होत्या. कोणत्या गावची, मेंढरं होती का, असंच काहीतरी.

मिस्त्रीच्या आधी कार्यकर्ते पोहोचले. मामींना उशीर झाला म्हणून मामांनी पाठवलं होतं. जीपमध्ये बैठकीतला उरलेला हार होता. त्यांनी तो त्या ऊसतोड बाईच्या हातात देऊन ताईंच्या गळ्यात घालायला सांगितलं, फोटोसाठी. मामी म्हणाल्या, "तिचे हात बगा आधी, चिरलेत. हार ठिवा आन तुमची जीप ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला लावा, दिवं चालू करून." त्यांनी जीप लावली. फोटो तरीही निघालाच, लांबून. सकाळी तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. खाली लिहिलं होतं, 'आबांच्या दूरदृष्टीमुळं घेतलेल्या अत्याधुनिक गाडीनं धोका ओळखला, ताईंनी वाचवले प्राण.'

मी त्या ट्रॉलीचे मागून, बाजूनं, लांबून, जवळून पुष्कळ फोटो काढून आणले होते. ऑफिसच्या बैठकीत ते लावले आणि म्हणालो, हे आपल्या सॉफ्टवेअरला दिसायला हवं. साहेबांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हे किती वेळा घडतं? अगदी विरळा ना?"

"हंगामात आमच्याकडं दर वळणावर," मी म्हणालो.

"म्हणजे भारतभर धरलं तर विरळा," साहेब म्हणाले. मग या वस्तूला नाव काय द्यायचं यावर चर्चा झाली. वाहन म्हणावं तर चाकं दिसत नाहीत, झाड म्हणावं तर चालतं. शेवटी 'इतर' या नावाखाली तिला टाकलं. त्याच आठवड्यात दुसरीही एक गोष्ट ठरली. पुढच्या गाडीत रडार नाही, नुसता कॅमेरा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

मामी निवडून आल्या. विजयाच्या फलकांवर मामांचा फोटो मोठा आणि त्यांचा लहान होता, पण फलक या वेळी रस्त्यापासून लांब लावले होते, एवढी सुधारणा झाली. आता त्या बीडला बैठकांना स्वतः गाडी घेऊन जातात. मामा शेजारी बसतात.

परवा त्यांचा फोन आला. मी विचारलं, गाडी कशी आहे.

"गाडी बरी हाय," मामी म्हणाल्या. "उगं जरा जास्ती वरडती. म्हस दिसली की वरडती, मोटारसायकल दिसली की वरडती. आन हे शेजारी बसून 'दाब, दाब, दाब' करीत आसत्यात. पायानं खाली ब्रेक हुडकत आसत्यात. ह्यांच्या बाजूला ब्रेक न्हाई, ह्ये आजून ह्यांच्या ध्यानात यीना."

"गाडीचा आवाज सेटिंगमध्ये जाऊन कमी करता येतो मामी. मी सांगतो."

"तो केला मी. ह्यांचा कुठनं कमी करायचा, तेवढं बग."

मागं मामांचा आवाज आला, कुणाशी बोलतेस म्हणून. मामी म्हणाल्या, "भाचा हाय. गाडीचं इचारत हुते मी," आणि फोन ठेवला.